लाल पट्ट्याचा जोड

आमच्या दुकानात सगळं खोटं आहे, एक बाबांची जीभ सोडून. हे माझं म्हणणं नाही, शेजारच्या गाळ्यातले बेल्टवाले काका म्हणतात. त्यांचे बेल्ट तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत, पण ते असो.

आम्ही मोठमोठ्या कंपन्यांच्या बुटांच्या कॉपी विकतो. गिऱ्हाईक गाळ्यात पाय ठेवत नाही तोच बाबा सांगून मोकळे होतात, "ही कॉपी आहे हां. असली हवी तर मोठ्या रस्त्यावर शोरूम आहे." गिऱ्हाईक जात नाही, कारण ते तिथूनच भाव ऐकून आलेलं असतं. मी लहानपणापासून डोकं आपटते आहे, की बाबा, विचारल्यावर सांगा ना, आधी कशाला? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर : माल कॉपी असला तर चालतो, माणूस नाही चालत.

सगळ्यात जास्त खपतो तो पांढरा जोड, टाचेवर लाल पट्टा असलेला. कॉलेजातल्या पोरापासून रिटायर झालेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना तोच हवा. आमच्याकडे त्याच्या तीन जाती. तिसरी कॉपी नाकाशी नेली की रॉकेलचा वास येतो आणि सोल वाकवला की कुरकुरतो. फोटो काढायला बरी, चालायला नको. दुसरीची शिवण मजबूत, पण उन्हात पांढरा रंग पिवळट पडतो. बाबा म्हणतात, पैसे वसूल करायचे तर दुसरी घे, मिरवायचं तर पहिली. आणि पहिली कॉपी म्हणजे बाबांचा जीव की प्राण. एक टाका तिरका दिसला तर अख्खा माल परत. पहिली कॉपी बनवणारा कारखानदार बाबांना इतका टरकून असतो, की त्याच्याकडचे कारागीर आमचा माल वेगळ्या टेबलावर शिवतात. कंपनीच्या जाहिरातीतला फोटो समोर लावून बाबांनी तो जोड घडवून घेतलाय. पट्टा बरोबर मध्यावर, शिवण रेघेसारखी सरळ, आत डिंकाचा एक डाग नाही.

असली जोड मात्र आमच्यापैकी कुणी हातात धरलेला नव्हता. आमच्या गल्लीत तो येणार तरी कशाला?

तो आला आमच्या बारकीमुळे. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे तरी बारकीच. तिचं एका चष्म्याच्या दुकानातल्या मुलावर मन बसलं. डोळे तपासतो, काचा बसवून देतो. आम्ही त्याला चष्मेवालाच म्हणायचो, जरी त्याला स्वतःला चष्मा नाही. बारकीने घरी सांगितलं तेव्हा बाबा नुसतं "बघू" म्हणाले. आई गेल्यापासून त्यांच्या "बघू"ला घरात फार वजन आलंय. बारकीने मला रात्रंदिवस भंडावून सोडलं, ताई, बाबा हो म्हणतील ना गं? बाबांच्या मनाविरुद्ध ती काही करणार नव्हती, आणि त्याच्याशिवाय दुसरं कुणी तिला नको होतं. मला तिची काळजी वाटायची आणि डोकंही फिरायचं.

तर एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाला दुकानात आला, हातात खोका. "काका, तुमच्यासाठी," म्हणाला. "तुम्ही दिवसभर उभे असता. असली आहे." बाबांनी खोका उघडला. लाल पट्ट्याचा पांढरा जोड. बाबांनी आभार मानले, बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं अदबीने. तो गेला आणि बाबांनी गाळ्याच्या फळीवर वर्तमानपत्र अंथरलं.

आमच्या तिन्ही कॉपी ओळीने मांडल्या, शेवटी तो जोड. मग सुरू झाली तपासणी. हातावर तोलला : आमच्या पहिलीपेक्षा हलका. बाबांची भुवई वर गेली. त्यांच्या हिशेबी हलका म्हणजे आत पुठ्ठा. बोटाने आत चाचपलं : टाचेपाशी डिंकाचा पिवळा ओघळ. शिवण बघितली : नाकाशी एक टाका सुटलेला. आणि पट्टा, देवा रे, डाव्या बुटाचा पट्टा मध्यापासून सरकलेला, उजव्याचा नाही.

"काय वाटतं?" बाबांनी मला विचारलं.

"दुसरी कॉपीसुद्धा नाही," मी म्हणाले. "तिसरीच्या वर, दुसरीच्या खाली."

बेल्टवाले काका तर पट्टा बघूनच हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी जोड खोक्यात घातला आणि झाकण दाबून बसवलं.

संध्याकाळी बारकी आली तेव्हा बाबा तिच्याकडे न बघताच बोलले, "कॉपी आणली असती आणि कॉपी म्हटलं असतं तर मी डोक्यावर घेऊन नाचलो असतो. पण कॉपीवाल्याच्या तोंडावर असली म्हणतो? असल्या माणसाच्या घरी मी तुला पाठवणार नाही."

बारकीचा चेहरा पार उतरला. ती म्हणाली, तो असं करणारच नाही. पावती कुठे आहे, मी विचारलं. तिने त्याला फोन लावला. पावती त्याने फाडून टाकली होती, भेटवस्तूची किंमत समोरच्याला दिसू नये म्हणून. "बघ," बाबा म्हणाले. बारकी जेवली नाही, आणि मला त्या पोराचा असा राग आला, की समोर असता तर त्याच बुटाने हाणला असता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याला बोलावून घेतलं. बातमी गल्लीभर झाली होती, त्यामुळे बेल्टवाले काका, पिशव्यावाल्या मावशी, अजून दोघं-तिघं काही ना काही निमित्ताने आमच्या गाळ्यापाशी घुटमळत होते. बारकी खांबाला टेकून उभी. फळीवर चारही जोड ओळीने.

"या पाहुणे," बाबा म्हणाले. आणि मग सगळ्यांसमोर एकेक खूण दाखवत गेले. वजन. ओघळ. टाका. पट्टा. प्रत्येक खुणेला माणसं माना डोलवत होती, कारण बुटाच्या बाबतीत बाबांचा शब्द म्हणजे आमच्या गल्लीत काळ्या दगडावरची रेघ. बोलताना बाबांचा आवाज चढत नव्हता, उलट बारीक होत होता. तो मुलगा आधी बुटाकडे बघत होता. मग त्याने बाबांकडे बघितलं, जमलेल्या माणसांकडे बघितलं.

"बरोबर आहे काका," तो म्हणाला. "कॉपीच दिसते आहे. माझ्या लक्षात नाही आलं. फसवलं मला."

बारकीने एकदम मान वर केली. ती काहीतरी बोलणार होती, पण त्याने तिला नजरेने थांबवलं. मला वाटलं, बिचारा ओशाळलाय.

बाबांचा मात्र जीव भांड्यात पडला. खोटारडा नाही, नुसता भोळा निघाला, आणि भोळ्या माणसांवर बाबांचा फार जीव. "कुणी दिली?" त्यांनी विचारलं.

"जाऊ द्या ना काका."

"कुणी दिली म्हणतो."

"मोठ्या रस्त्यावर. शोरूममध्ये."

झालं. बाबा ताडकन उठले. "असली म्हणून, असलीच्या भावात, कॉपी? आम्ही गल्लीत बसून खरं सांगतो, आणि हे काचेच्या दुकानात बसून माझ्या घरच्या माणसाला टोपी घालतात?" माझ्या घरच्या माणसाला, हे बारकीने ऐकलं, मी ऐकलं, पण बाबांना आपण काय बोललो याचा पत्ता नव्हता. त्यांनी तो जोड खोक्यात घातला, खोका काखेत मारला, गाळा बेल्टवाल्या काकांवर सोपवला आणि निघाले. आम्ही तिघं मागे. तो मुलगा सारखा म्हणत होता, काका, राहू द्या, काका, भांडण नको. बाबा म्हणाले, "अरे, तू गप्प राहा. तुला बोलता येत नाही, मी बोलतो."

"पाहुणे"चा "अरे" झाला होता.

शोरूममध्ये बाबा आयुष्यात पहिल्यांदा शिरले. गार हवा, चकचकीत फरशी, प्रत्येक बुटावर वेगळा दिवा. तिथली मुलगी हसतमुखाने पुढे आली. बाबांनी खोका काउंटरवर ठेवला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना भिंतीवरचा तोच जोड दिसला. सवयीने हात गेला. त्यांनी तो तोलला. आत बोट घातलं. मग तो ठेवून दुसरा घेतला, मग तिसरा. मीही जवळ गेले. हलके. प्रत्येकाच्या टाचेपाशी तोच पिवळा ओघळ. एकाचा पट्टा डावीकडे, एकाचा उजवीकडे.

"मशीनचं काम आहे काका, थोडंफार इकडेतिकडे असतंच," ती मुलगी म्हणाली. "पण एकदा घालून बघा."

घालून. आम्ही जन्मभर बूट हातांनी बघितले, नाकाने बघितले, पायाने कधीच नाही. बाबा तर बारा महिने चपलेत. ते बाकावर बसले, खोक्यातला स्वतःचा जोड काढला आणि चढवला. उठले. आरशापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. दिवसभर उभं राहून त्यांचे गुडघे धरलेले असतात, ते थोडे लंगडत चालतात. तिकडून परत येताना ते लंगडत नव्हते.

"काही तक्रार होती का?" मुलीने विचारलं.

"नाही बाई," बाबा म्हणाले. "माप बघायला आलो होतो. बरोबर आहे."

बाहेर आलो. बूट त्यांनी काढले नव्हते, चपला खोक्यात. फुटपाथवर थोडं चालून ते थांबले आणि त्या मुलाकडे वळले.

"तुला माहीत होतं असली आहे."

"हो काका."

"मग कॉपी का म्हणालास?"

तो घुटमळला. "तुमची सगळी माणसं उभी होती. त्यांच्यासमोर तुम्हाला चूक म्हणायला माझी जीभ रेटेना."

"आणि हिला मी तुला दिली नसती तर?"

त्याने फक्त बारकीकडे बघितलं, आणि त्या बघण्यातच कळलं, की रात्रभर त्याच्याही डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. माझा कालचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. इतका चांगला पोरगा, आणि मी याला बुटाने हाणायला निघाले होते.

बाबांनी घसा खाकरला.

"हे बघ," ते म्हणाले, "सासऱ्याशी आयुष्यात एकदा खोटं बोललेलं चालतं. ते तुझं बोलून झालं. आता पुन्हा नाही."

सासऱ्याशी. बारकीने माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. तो मुलगा वाकून बाबांच्या पाया पडायला गेला, तर बाबा मागे सरकले.

"अरे, थांब, नवे बूट आहेत," म्हणाले, आणि त्याला उठवून छातीशी धरलं. आमचे बाबा, जे आई गेली तेव्हाही सगळ्यांदेखत रडले नव्हते, ते भर रस्त्यात त्याच्या खांद्यावर तोंड लपवून रडले.