रंभाबाईच्या गळ्याला कुलूप

मेंढरं कातरायचा दिवस, आन् रंभाबाई गप बसून. आमच्या वस्तीला ते बरं वाटंना. सांगोल्याकडच्या ह्या माळावर कातरणी लागली की गाणं धरायची ती रंभाबाईनंच. पण मागल्या साली घशाचं ऑपरेशन झालं आन् आवाज गेला. उरली नुसती घोगरी कुजबुज.

"आत्याबाई, तुमचं गाणं हाय की," सून प्रियंका म्हणाली. "ऑपरेशनच्या आदी पुण्याच्या संस्थेतल्या बाईंनी भरून नेलतं. जगात कुटंबी ऐकाय येईल म्हणल्या व्हत्या."

तिनं मोबाईलवर हुडकलं. घावलं. डोईवर पदर घेतलेला रंभाबाईचा फोटो, खाली नाव, गाव, आन् बाईंनी त्या गाण्यावर लिवलेलं पानंच्या पानं. गाण्यावर बोट दाबलं तर कुलूप. फक्त संस्थेच्या सभासदांसाठी.

"माज्याच गळ्याला व्हय?" रंभाबाई कुजबुजली.

प्रियंका सोलापूरला गेली तवा सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजात इचारून आली. तितला ग्रंथपाल म्हणाला, आमी बी सभासद न्हाय. मग तिनं बाईंनाच फोन लावला. बाई लई गोड बोलल्या.

"ज्ञान सगळ्यांना खुलं असावं, याच मताची आहे मी. फक्त वेबसाईटवर अर्ज करा आणि वापराचं कारण लिहा."

प्रियंकानं लिवलं, 'सासूबाईंना स्वतःचं गाणं ऐकायचं आहे.'

आठवड्यानं उत्तर आलं. सदर कारण संशोधनात बसत नाही.

त्या दिवशी रंभाबाई जेवली न्हाय. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं वस्तीवरल्या बायकांना लोकर निवडायला बसवलं आन् एकेक ओळ कुजबुजत सांगाय लागली. चाल चुकली की मांडीवर चापट. हळूहळू गाणं सगळ्याजणींच्या गळ्यात उतरलं. प्रियंकानं ते मोबाईलात भरलं आन् सगळ्यांना ऐकाय येईल असं नेटवर टाकलं. लांबलांबची माणसं ऐकाय लागली, आन् एक दिवस ते गायबच झालं. गाणं आमच्या संग्रहातलं हाय, अशी संस्थेनं तक्रार केलती.

"आता वं?" गाणाऱ्या बायकांतल्या नागम्मानं इचारलं.

"आता काय," रंभाबाई म्हणाली. "तुमच्या तोंडातनं कसं काढत्याल?"

पुढल्या कातरणीला बाई स्वतःच हजर. लोप पावत चाललेल्या गाण्यांचा नवा प्रकल्प मिळालता त्यांना. रंभाबाईनं चहा पाजला, हाताला धरून बायकांत बसवलं.

"ते गाणं भरायचं यंत्र गाडीत ठिवा," ती म्हणाली. "ह्या म्हणत्याल, तुमी मागनं म्हणा. पाठ झालं की घिऊन जावा."

बाई हसल्या. दुसरं कुणीच हसलं न्हाय, तशा थांबल्या. साडीला लोकर चिकटलेली, नाकावर घाम. बायकांनी धरलं, बाईंनी मागनं धरलं, आन् दुसऱ्याच ओळीला अडकल्या.

"पयल्यापास्नं," रंभाबाई म्हणाली.