शिळा टोमणा

डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर एक खोली बघा. खिडकीला लागून पलंग. पलंगावर एक माणूस, पाठीशी तीन उशा, कारण आडवं झालं की त्याला श्वास पुरत नाही. समोर लांबट टेबल. त्यावर पुस्तक दाबून धरायचा लोखंडी शिकंजा, दोऱ्याची रिळं, दाभण आणि खळीचं भांडं. खळ वाळून भांड्याला चिकटली आहे. तीन महिन्यांत तिला कुणी हात लावलेला नाही. हा माणूस पुस्तकं बांधायचा. कणा मोडलेली, उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं त्याच्याकडे यायची आणि ताठ होऊन परत जायची.

आता पलंगाच्या कडेला बघा. दहा वर्षांची मुलगी बसली आहे, हातात फोन. ही त्याची लेक. बाबा तिला मुकादम म्हणतात, कारण टेबलाला नाक लागायला लागलं तेव्हापासून ती त्यांच्या चुका काढत आली आहे.

त्या फोनमध्ये बाबांचे तीन मित्र आहेत. तिघेही पुस्तकं बांधणारे, तिघे तीन देशांतले. कधी भेटलेले नाहीत. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, फोनच निरोप ज्याच्या त्याच्या भाषेत करून देतो. एक बर्फाच्या गावातली ऐंशी वर्षांची आजी. एक काटकुळा उंच गडी, त्याला सगळे दाभण म्हणतात. आणि एक मास्तर, जो मुलांना बांधणी शिकवतो. त्यांचा नियम एकच: वाढदिवसाला कौतुक बंद. ज्याचा वाढदिवस, त्याची यथेच्छ सालं काढायची.

मागच्या वर्षी आजीनं बाबांना लिहिलं होतं, ‘तुझ्या खळीला म्हणे झुरळंसुद्धा तोंड लावत नाहीत.’ दाभणनं लिहिलं, ‘तुझी पुस्तकं वाचायची नसतात, वाटायची असतात. उघडलं की प्रत्येकाला एक पान.’ बाबा दिवसभर हसले. आजीला उलट कळवलं, ‘म्हातारे, तुझ्या पुस्तकांचा कणा तुझ्यासारखाच. वाकला तरी कबूल करत नाही.’

नियम मोडला होता तो एकदाच. पेट्या करणारा एक मित्र तेव्हा त्यांच्यात होता. तो आता फार दिवस जगणार नाही हे कळलं, आणि त्याच्या वाढदिवसाला सगळे गोड बोलले. बाबासुद्धा. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

आता जरा वाईट गोष्ट सांगतो. आठ दिवसांपूर्वी डॉक्टर दाराबाहेर आईशी बोलले. मुकादम औषधांची पिशवी धरून मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आई तिच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “बाबांना एक अक्षर कळता कामा नये. धीर सुटेल त्यांचा. शपथ आहे तुला माझी.”

तीन दिवस मुलीनं ते पोटात ठेवलं. तुम्ही कधी एवढं मोठं काही पोटात ठेवलं आहे का? घास उतरत नाही. चौथ्या दिवशी तिनं गुपचूप आजीला लिहिलं. सगळं लिहिलं, आणि खाली लिहिलं, ‘पण वाढदिवसाला नेहमीसारखंच लिहा. अगदी वाईट लिहा. बाबांना कळू देऊ नका.’

आजीचं उत्तर आलं, ‘लिहू, बाळ. मी सगळ्यांना सांगते.’

वाढदिवस उजाडला. आई कामावर जाताना बाबांच्या कपाळावर हात ठेवून गेली. आत्या स्वयंपाकघरात होती. बाबांनी अंगात इस्त्रीचा सदरा घालून घेतला होता.

“चला मुकादम, वाचा. आज सोलून काढणार मला.”

“घाबरलात?”

“त्या म्हातारीला? छे! दाभणला थोडा.”

मुकादमनं फोन उघडला. पहिला निरोप मास्तरांचा. ‘तुझी शिवण मी दर वर्षी माझ्या मुलांना दाखवतो. इतकी सरळ शिवण मला आयुष्यात जमली नाही.’

ती थांबली.

“काय गं?”

“मास्तर म्हणतात...” तिनं फोन जरा आपल्याकडे वळवला. “म्हणतात, तुमची शिवण बघून मुलं विचारतात, हा माणूस होडीत बसून शिवतो का?”

बाबा हसले. हसता हसता खोकला आला, तो थांबेपर्यंत तिनं पाठ चोळली. “बरा आहे. मास्तर सुधारतोय. पुढचा?”

पुढचा दाभणचा. ‘मोठ्या भावा, तू होतास म्हणून मी हा धंदा सोडला नाही.’

“दाभण म्हणतो, तुम्ही पुठ्ठा कापता की कुरतडता?”

“गाढव लेकाचा. आणि आजी?”

आजीचा निरोप सगळ्यांत लांब होता. मुकादम वाचत गेली आणि अक्षरं पुसट होत गेली. बघा, ती तीन माणसं वाईट नव्हती. लिहायचं कबूलही केलं होतं त्यांनी. पण मरणाऱ्या माणसाची थट्टा लिहायला बसलं की बोटं वळत नाहीत, एवढंच. आणि मुलीला आता नवीन काही सुचेना.

“आजी म्हणते, तुमच्या खळीला झुरळंसुद्धा तोंड लावत नाहीत.”

बाबांचा चेहरा तसाच हसरा होता, पण हसू जागच्या जागी थांबलं.

“हे मागच्या वर्षीचं,” ते म्हणाले. “म्हातारी शिळं वाढत नाही कधी. दे इकडे.”

“नेट गेलंय.”

“मुकादम.”

तिनं फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून तिन्ही निरोप वाचले. आजीचा दोनदा. मग फोन पालथा चादरीवर ठेवला आणि बराच वेळ टेबलावरच्या शिकंज्याकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात भांडं पडलं, तरी त्यांची मान वळली नाही.

“किती गोड बोललेत,” ते म्हणाले. “कुणी सांगितलं त्यांना?”

“मी.”

“आईला माहीत आहे?”

“तिलाच सांगितलं डॉक्टरांनी, आठ दिवसांपूर्वी. मी मागे होते.”

“आठ दिवस हे घेऊन फिरतेयस तू?”

तिनं मान डोलावली.

“मग मलाच तेवढं माहीत नाही.” त्यांचा श्वास वर वर चालला होता. एकेक शब्द मध्ये थांबून येत होता. “किती दिवस म्हणाले गं?”

मुकादमला आईची शपथ आठवली. बाबांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं. ती उठली, आत्याला ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटलं आणि कडी घातली. मग परत येऊन पलंगावर चढली, बाबांच्या कानाशी तोंड नेलं, आणि डॉक्टर जे बोलले होते ते त्यांना सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.