पंगत निंबाखाली गेली

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. साक्रीजवळच्या एका गावात, शाळेच्या अडगळीच्या खोलीत माझी घडी पडलेली असते. उंदरांनी माझी एक कड कुरतडली आहे. गेल्या महिन्यात मांजरीने माझ्यावर पिल्ले घातली. तक्रार नाही, तेवढीच सोबत झाली.

धुळ्यातल्या एका हातमागावर मी विणली गेले. लाल-निळे पट्टे आणि तीस मुलांची पंगत बसेल एवढी लांबी! गावच्या भजनी मंडळाने मला शाळेला भेट दिले. तेव्हा माझा थाट काय सांगू? ग्रामसभेला आबा-नाना माझ्यावर, झेंडावंदनाला पाहुणे माझ्यावर, आणि रोज दुपारी खिचडीची पंगतही माझ्यावरच. खिचडी भागाबाई वाढायच्या. त्यांचा नियम कडक होता: शेवटचे पोर बसल्याशिवाय श्लोक नाही आणि श्लोकाशिवाय घास नाही. ते दिवस आठवले की आजही माझा धागा न् धागा सुखावतो.

चार वर्षांपूर्वी सहावीत दिपमाला आली. तिची आई परिचारिका. वरणगावकडून बदली होऊन त्या आमच्या गावी आल्या होत्या. दिपमाला केळीच्या मुलखातली, म्हणून 'मला'ऐवजी 'मले' म्हणायची. आमची पोरे 'माले' म्हणतात. एवढ्याशा फरकाला हसायचे ते काय? पण पोरे हसली. सातवीतल्या हेमराजने तिचे नाव 'केळी' ठेवले. मग तिच्या दप्तरात केळाची साले निघू लागली. "ए केळी, तुनं सालटं पडनं वं!" असे तो ओरडायचा आणि सगळी पंगत खिदळायची. त्या खिदळण्याने मीही हलायचे. मला त्याची अजून लाज वाटते.

एके दिवशी दिपमाला माझ्यावरून उठली आणि ताट घेऊन मैदानाच्या टोकाला, निंबाखाली जाऊन बसली.

भागाबाईंनी कारण विचारले, "माय, आठे एकलीच काब बठनी वं?"

"मले इथंच बरं वाटते," ती म्हणाली. भोळ्या भागाबाईंना ते खरे वाटले. त्या दिवसापासून श्लोक तिच्यावाचूनच होऊ लागला.

मग एका बुधवारी तिची आई मुख्याध्यापक पंडित सरांकडे आल्या. "पोरगी सकाळी उठली की रडते, दप्तरभर साले घरी आणते. शनिवारी तिला आजीकडे परत पाठवते. दाखला तयार ठेवा." हे बोलणे कामिनीने ऐकले. कामिनी सातवीतली, शालेय मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री. तिने लगेच माझ्यावर मंत्र्यांची बैठक बोलावली. हातात दोनच दिवस होते. पुष्कळ डोके खाजवून मंत्रिमंडळाने ठरवले, दिपमालेचा जाहीर सत्कार करायचा!

हसू नका. आपल्या खानदेशात कोणाला मान द्यायचा म्हटला की टॉवेल-टोपी आलीच. सरांच्या कपाटात पाहुण्यांसाठी आणलेली एक जोडी उरली होती. गुरुवारी परिपाठाला कामिनीने दिपमालेला पुढे बोलावले, तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि दोन वेण्यांवर ती पांढरी टोपी चढवली. टोपी थेट नाकावर आली. अख्खी शाळा पोट धरून हसली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! दुपारपर्यंत 'केळी'ची 'टोपीवाली' झाली होती.

मधल्या सुट्टीत कामिनी निंबाखाली गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. माझ्या काठावर बसून ती बाकीच्या मंत्र्यांना म्हणाली, "मनं चुकनं. तिले काय पाहिजे, ते मी इचारंच नही. आज इचारं. ती म्हने, मले सत्कार नको, जेवाले कोनी संगे पाहिजे."

शुक्रवारी पंगत बसली. ताटे वाढून झाली. श्लोक सुरू होणार तोच कामिनी उभी राहिली आणि तिने निंबाकडे बोट दाखवले.

"एक जण बाकी शे. बठ्ठा जण उठा, सतरंजी धरा. आपले तठे जानं शे."

ताटे बाजूला ठेवून आधी मंत्री उठले आणि त्यांच्यामागून एकेक करत जवळजवळ सगळीच. किती हात लागले मला! कोणी इकडे ओढी, कोणी तिकडे. मैदानातल्या खडकाला अडकून मी मधोमध टर्रकन फाटले. खरे सांगते, मला दुखले नाही. पोरांनी मला निंबाखाली, दिपमालेच्या ताटाला लावून अंथरले आणि आपापली ताटे तिथे आणली. ती खाली मान घालून बसली होती. सरकून ती माझ्यावर आली.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हेमराज एकटाच ताट धरून उभा होता. आज कोणी त्याच्याबरोबर हसायला नव्हते. भागाबाई श्लोक म्हणू देईनात. तीस ताटे थंड होत होती. शेवटी तो पाय ओढत आला आणि जागा शोधू लागला. कोणी सरकेना. तेव्हा दिपमालेनेच आपले ताट उचलून मांडीवर घेतले.

"बैस," ती म्हणाली. "पण साल टाकलं, तर उठवीन."

शनिवारी दाखला न्यायला कोणी आले नाही.

ती सगळी पोरे आता मोठी झाली, शाळा सोडून गेली. नवी मुले बाकांवर जेवतात. मित्रांनो, मला कोणी शिवले नाही तरी चालेल. पण कोणी एकटे जेवताना दिसले, तर त्याला लांबून हाक मारू नका. आपले ताट उचला आणि त्याच्याजवळ जाऊन बसा.