चार नंबरच्या तबकडीत गाणारी बाई

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, मधोमध भोक असलेली. एवढं मी छातीठोकपणे सांगते. यापुढचं सांगताना मात्र अडखळते, कारण आपण नेमकं कोण आहोत हे मला निम्मं आयुष्य ठाऊकच नव्हतं. आजही कुणी खोदून विचारलं तर मी थोडी गोंधळतेच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक कामगारीण तापलेला काळा गोळा साच्यात ठेवायची, खाली एक गोल कागद, वर एक गोल कागद, आणि दांडा ओढायची. श्वास रोखून धरावा इतक्याच वेळात गोळ्याची चपटी तबकडी व्हायची. तो कागद डिंकानं चिकटवलेला नसतो. उष्णतेनं तो अंगातच बसतो, जन्मखुणेसारखा, आणि पुन्हा निघत नाही. त्या दिवशी त्या कामगारणीची दाढ ठणकत होती. एक हात गालावर आणि एक हात कामावर, अशी ती उभी होती. तिच्यासमोर कागदांच्या दोन चळती होत्या. तिनं हात घातला आणि जो कागद आला तो माझ्या पोटावर बसला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवजात बाळाला कुठं कळतं आपलं नाव बरोबर ठेवलंय की चूक?

माझ्या कागदावर लिहिलं होतं, ‘क्रमांक चार. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो.’ आम्ही सहा बहिणी होतो. एका चेक संगीतकाराच्या रचना आम्हा सहाजणींवर मिळून कोरल्या होत्या. पहिल्या तिघींवर मोठा वाद्यवृंद होता, चौथी आणि पाचवीवर चार-पाच वादकांनी एका खोलीत बसून वाजवायचं संगीत, आणि सहावीवर पियानोच्या साथीनं म्हटलेली गाणी. निळ्या कापडी खोक्यातून आम्ही एका सार्वजनिक ग्रंथालयात आलो. वरच्या मजल्यावर संगीत ऐकण्याची खोली होती. चार टेबलं, चार रेकॉर्ड प्लेअर, आणि बोटांनी गुळगुळीत झालेले कानावर लावायचे चार संच.

मी चौकडी, म्हणजे चार वाद्यांची रचना आहे याचा मला मोठा तोरा होता. मी सहावीला म्हणायचेसुद्धा, ‘तुझं बरं आहे बाई, शब्दांचा आधार आहे. आम्हाला नुसत्या सुरांवर निभवावं लागतं.’

मग एके दिवशी गणिताचे एक निवृत्त मास्तर आले. त्यांनी चौकडीची छापील स्वरलिपी मांडीवर उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि सुई माझ्यावर टेकवली. माझ्या अंगातून एक बाई गाऊ लागली.

मित्रांनो, मला काय वाटलं असेल याची कल्पना करा. तुम्ही आरशासमोर उभे राहावं आणि समोरून भलताच माणूस हसावा, तसं झालं. मास्तरांनी स्वरलिपीची पानं पुढं उलटली, मागं उलटली. मला पालथी केली. दुसऱ्या बाजूला आणखी वेगळाच आवाज. पहिल्या बाईचा आवाज भरदार होता, हिचा पातळ, पाण्यासारखा. तिसऱ्या गाण्याच्या आधी काहीतरी करकरलं आणि कुणीतरी नाकातल्या नाकात हसू दाबलं. मास्तर उठले आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली: ‘तबकडी क्रमांक चार सदोष. व्हायोलिनऐवजी बाई गाते. मागे दुसरीच बाई गाते.’

तेव्हाचे ग्रंथपाल संगीताच्या वाटेला फारसे जात नसत. त्यांनी चिठ्ठी वाचली, मला उलटसुलट पाहिलं, आणि ‘सदोष’ असा शिक्का मारून तीच चिठ्ठी माझ्या पाकिटावर डकवून मला भिंतीतल्या कपाटात टाकलं. सहावीला शेजारी ठेवून पाहिलं असतं तर घोळ तेव्हाच मिटला असता. पण तिला एका वाचकानं घरी नेलं होतं. त्यानं घर बदललं, गाव बदललं, आणि ती परत आलीच नाही. नोंदवहीत लिहिलं गेलं, ‘गाणी: हरवली.’

कपाटात मी किती वर्षं होते ते विचारू नका. शेजारणींना निदान आपलं दुखणं ठाऊक होतं. एकीला ओरखडा होता, एक उन्हानं वाकडी झाली होती. मला ना ओरखडा, ना बाक. मग मी आजारी कशानं? माझ्यातली व्हायोलिनं बिघडली की त्यांचा असा बाईचा आवाज होतो का? आणि असं असेल तर हसलं कोण? उत्तर देणारं कुणी नव्हतं. मी तोच प्रश्न गोल गोल फिरवत राहिले. फिरणं हाच माझा धंदा, दुसरं येतं काय मला?

पुढं ते ग्रंथपाल गेले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. ‘हळू बोला, हळू ठेवा, दार हळू लावा,’ असं त्या दिवसभर म्हणत, म्हणून सगळे त्यांना हळूबाई म्हणत. त्यांच्याच काळात वरून पत्र आलं की संगीताची खोली बंद करायची, चांगल्या तबकड्या खाली न्यायच्या आणि सदोष तबकड्या शनिवारी भंगाराच्या गाडीत द्यायच्या. हळूबाईंनी कपाट उघडलं आणि आम्हाला एकेक करून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलं. भंगारात टाकायच्या, तरी हळूच ठेवल्या.

शुक्रवारी दुपारी एक बाई जिना चढून आली. खांद्याला टपालखात्याची पिशवी होती. जेवणाच्या सुट्टीत आली होती, उभ्या उभ्याच बोलली.

‘त्या चेक गाण्यांची तबकडी हवी होती. सहा नंबरची.’

‘ती हरवली,’ हळूबाई म्हणाल्या. ‘माझ्या आधीची गोष्ट आहे. का हो, अभ्यासासाठी हवी होती?’

‘नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, ती गाणी त्यांनी गायलीत.’

हळूबाईंनी हातातली नोंदवही मिटली. टपालवाली खुर्चीच्या कडेवर टेकली आणि तिनं सगळं सांगितलं. सासूबाई तरुणपणी ध्वनिमुद्रणाच्या कचेरीत टंकलेखिका होत्या. त्या चेक गाण्यांचे उच्चार आपल्या लिपीत टाइप करून गायिकेला द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. टाइप करता करता गाणी पाठ झाली. मुद्रणाच्या दिवशी अर्धी गाणी झाली आणि गायिकेचा घसा बसला. पियानोवाला म्हणाला, या मुलीला सगळं येतं, हिला उभी करा. उरलेली गाणी टंकलेखिकेनं गायली. पाकिटं आधीच छापून झाली होती, तेव्हा नाव मोठ्या गायिकेचंच राहिलं.

‘त्यांनी आजवर कुणाला हे सांगितलं नव्हतं,’ टपालवाली म्हणाली. ‘आता सांगतात, तर कुणी खरं मानत नाही. त्यांचा हल्ली गोंधळ होतो. परवा माझ्या नवऱ्याला त्या आपला भाऊ समजल्या. तो म्हणतो, आईनं दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट उचललीय. त्या त्याच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. म्हटलं, एकदा शोधून तरी बघावं.’

‘त्या संचातल्या बाकीच्या आहेत. पण त्यांत गाणी नाहीत. आणि ही चार नंबरची तर बिघडलेली आहे.’ हळूबाईंनी मला खोक्यातून वर काढलं.

‘काय झालंय हिला?’

हळूबाईंनी चष्मा सारखा केला आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली. ‘व्हायोलिनऐवजी बाई गाते.’ मग त्या थांबल्या. तीच ओळ त्यांनी पुन्हा एकदा, मनातल्या मनात वाचली.

टपालवाली म्हणाली, ‘बाई, आमच्याकडे रोज अशी पत्रं येतात. पत्ता चुकला म्हणून आतलं पत्र खोटं नसतं.’

सुई माझ्यावर टेकली. कित्येक वर्षांनी मी फिरले, आणि भोवळ आल्यासारखं झालं. त्या दोघी कानांचा एकच संच दोघींत धरून, डोक्याला डोकं लावून ऐकत होत्या. गाणी होती. म्हणजे मी चौकडी नव्हतेच. मी सहा नंबर होते आणि ज्या बहिणीला मी टोमणे मारले ती खरी चौकडी होती. मला लाजही वाटली आणि हसूही आलं. कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही.

शनिवारी भंगाराची गाडी खाली उभी होती, तेव्हा वर तिघंजण आली. टपालवाली, तिचा नवरा आणि सासूबाई. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान बंद करून यावं लागलं म्हणून तो रुसलेला होता. ‘आई, तुला बरं वाटावं म्हणून आलोय हं,’ तो म्हणाला. जिना चढून सासूबाईंना दम लागला होता. त्या खुर्चीत ताठ बसल्या, पर्स मांडीवर घेऊन, मुलाखतीला आल्यासारख्या.

हळूबाईंनी या वेळी आवाज उघड्यावर लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हळू म्हटलं नाही. पातळ आवाजातलं पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. घड्याळवाला खिडकीबाहेर बघत होता. मग ते करकरणं आलं आणि ते दाबलेलं हसू.

त्यानं मान वळवली. ‘पुन्हा लावा. तेवढंच.’

हळूबाईंनी सुई उचलून मागं ठेवली. करकर, हसू.

‘बाबांची खुर्ची करकरली की आई अशीच हसायची,’ तो म्हणाला. ‘त्यांना राग येऊ नये म्हणून नाकातल्या नाकात.’ दिवसभर टिकटिक ऐकणारे कान ते. तो आईसमोर गुडघ्यावर बसला. ‘आई, चुकलं माझं. तूच आहेस ही.’

सगळ्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. मीही पाहिलं, फिरता फिरता जमेल तितकं. त्या कान देऊन ऐकत होत्या आणि बोटानं पर्सवर ताल धरत होत्या. बोट संथ होतं, गाणं पुढं पळत होतं.

‘ही मी नव्हे,’ त्या म्हणाल्या. ‘ही पोरगी फार घाई करते.’

‘अहो आई,’ टपालवाली म्हणाली, ‘हीच ती सहा नंबरची. नुसता वरचा कागद चुकलाय.’

‘कागद चुकू शकतो,’ सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘तर बाईसुद्धा चुकू शकते.’

ज्यानं मानलं नव्हतं तो आता शपथेवर सांगत होता आणि जी सांगत आली होती ती नाही म्हणत होती. मला तर काहीच उमजेना. जिचा आवाज माझ्या अंगावर कोरलाय तिलाच तो ओळखू येत नसेल, तर मी कुणाची साक्ष काढायची?

गाडी मला न घेताच गेली. खोली बंद झाली, पण हळूबाईंनी खाली आपल्या टेबलामागं एक रेकॉर्ड प्लेअर ठेवून घेतला आणि वरिष्ठांना कळवलं की तो मोडका आहे. दर मंगळवारी सासूबाई यायला लागल्या. माझ्या पाकिटावरची ‘सदोष’ची चिठ्ठी हळूबाईंनी काढली होती आणि त्या जागी शाईनं मोठ्या गायिकेचं नाव आणि त्याखाली पेन्सिलीनं सासूबाईंचं नाव लिहिलं होतं. एखाद्या मंगळवारी सासूबाई ते वाचून मान डोलवायच्या, म्हणायच्या, ‘हां, त्या दिवशी पियानोवाल्याचं स्टूल फार छळत होतं.’ पुढच्या मंगळवारी त्याच खोडरबर मागायच्या आणि नाव नीट पुसून टाकायच्या. ‘दुसरीचं श्रेय आपण घेऊ नये,’ असं वर सांगायच्या. त्या गेल्या की हळूबाई पुन्हा नाव लिहायच्या. कागद तिथं कापडासारखा मऊ झाला.

मग पावलं थकली आणि त्यांना घराबाहेर पडणं जमेना. त्या मंगळवारी घड्याळवाला एकटाच आला. आदल्या खेपेला आईनं पुसलेलं नाव पुन्हा लिहायचं राहूनच गेलं होतं. हळूबाईंनी टेबलाच्या खणातून शाईचं पेन काढलं.

‘आता पक्कं लिहून टाकते,’ त्या म्हणाल्या.

त्यानं त्यांच्यापुढं पेन्सिल सरकवली. ‘हिनंच लिहा. आई परत आली तर तिला खोडता यायला हवं.’

हळूबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन्सिलीनं लिहिलं. नेहमीपेक्षा हळू लिहिलं.

मित्रांनो, मी अजून त्या टेबलामागं आहे. पोटावर ‘चार’ असं छापलंय, अंगात सहा आहे, आणि पाकिटावर आत गाणाऱ्या बाईचं नाव पेन्सिलीत आहे. तुम्हाला उपदेश करण्याइतकी मी स्वतःच कुठं स्पष्ट आहे? एवढीच विनवणी करते. माझ्यासारखी एखादी वस्तू हातात आली तर कडेनं धरा, खाचांना बोट लावू नका. आणि तिच्यावर ‘सदोष’ असं लिहिण्याआधी, मग ती तबकडी असो की घरातलं म्हातारं माणूस, दोन्ही बाजू एकदा शेवटपर्यंत ऐका.