आरशातला हात

गिअरच्या दांड्याचा काळा गोळा एकाच बाजूने झिजला होता... तिथे गोरोन्वीचा अंगठा असायचा. सप्टेंबर होता, त्याच वर्षी तिच्या धाकट्या नातीचं चॅपेलमध्ये बारसं झालं होतं. एलूनेडने त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला, पण तो बसेना. नवऱ्याचा हात मोठा होता.

"आज जमलं तर कँपरव्हॅन तुझी," शेजारी बसलेली लेक मेरेरिड म्हणाली. "नाही तर शनिवारी तो पुल्हेली गावचा माणूस विकत घेऊन जाईल."

"परीक्षा घ्यायला बसलीस होय?"

"हो. आणि मी नापास करते हं, आई."

नेव्हिन गाव सुटल्यापासून समुद्र उजवीकडे होता, कधी झुडपांच्या वर, कधी एकदम पायाखाली. समोरून येणारे ट्रॅक्टरवाले ओळख देत स्टिअरिंगवरचं एक बोट उचलत होते—तिला नव्हे, या गाडीला, म्हणजे गोरोन्वीला. तीही बोट उचलायची, आणि दर वेळी वाटायचं, आपण त्याच्या नावाने खोटी सही करतोय.

आबेरडारोनच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी झुडपं दाटलेल्या बोळात, दुधाचा टँकर समोर आला.

"मागे घे, आई. तो काही जात नाही मागे."

अशा वेळी ती चालवत असली की गोरोन्वी खाली उतरून मागे उभा राहायचा, आरशात त्याचा हात दिसायचा... ये, ये, अगं बाई, कुंपण आहे ते, त्याला रंग नाही लावायचा! तो गेल्यापासून तोच हात तिला कपाटाच्या आरशात दिसत होता, केस कापायच्या दुकानात, रात्री स्वयंपाकघराच्या काळ्या काचेत. कुणाला सांगितलं नव्हतं. भीती वाटत नव्हती. त्या हातावरच तर दिवस निघत होते. गाडी हवी होती ती यासाठी—रस्त्यासाठी नव्हे.

तिने आरशात पाहिलं. ब्लॅकबेरीची झुडपं. रिकामा रस्ता. ती थांबली... अजून थांबली.

टँकरवाल्याने डोकं बाहेर काढलं. "गोरोन्वीची बायको ना? सावकाश हं, दूध नासेपर्यंत वेळ आहे!"

"मी उतरून हात दाखवू?" मेरेरिडने विचारलं.

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली, की लेक दचकलीच.

मग तिने गाडी मागे घेतली. सरळ, पानालाही न लागता, थेट शेताच्या फाटकापाशी. टँकर पुढे गेला. टँकरवाल्याने तिच्या तोंडाकडे पाहून बोट उचललं.

"पास!" मेरेरिड टाळ्या पिटत म्हणाली. "अगं, तुला तर छान येतं की!"

छान येतं. मग इतकी वर्षं... तो उतरावा म्हणून मी वाकडी चालवत होते की काय? तिने पुन्हा आरशात पाहिलं, मग दुसऱ्या. समोर एन्लीचं बेट उन्हात स्वच्छ दिसत होतं, आणि मागे कुणीही नव्हतं. आजवर ती 'तो गेला' म्हणायची, जसा माणूस बाजाराला जातो.

माझा नवरा गोरोन्वी वारला. फेब्रुवारीत, एका मंगळवारी पहाटे, घरीच.