मोतियाची बत्ती

मी मेणबत्ती बोलतेय. थांबा, लगेच वाढदिवसाच्या केकवरची काडीएवढी पोर डोळ्यांपुढं आणू नका. लाइट गेल्यावर ताटलीत चिकटवतात ती बिचारी पांढरी मेणबत्तीही मी नव्हे. मी चांगली वीतभर उंच, एका हाताच्या मुठीत मावणार नाही एवढी जाडजूड, रंगानं गर्द लाल. अंगाला मोगऱ्याचा वास, आणि अंगावर डाग. डागांचं पुढं सांगते, तीच तर माझी गोष्ट आहे.

अहमदपूरच्या एका बोळात दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत. अलीकडं दिलशाद आणि तिचा नवरा मुज्तबा राहतात. मुज्तबा बाजारात अत्तर-सुरम्याची पेटी मांडून बसतो, दिलशाद घरी मेणबत्त्या करून विकते. पलीकडं शेषेराव आणि त्याची म्हातारी आई धोंडाबाई. धोंडाबाईचा सगळा जन्म मुखेडकडच्या शेतात गेला. डोळे अधू झाले तेव्हा शेत धाकट्यावर सोपवून ती शेषेरावकडं राहायला आली. आली तेव्हाच तिला माणूस म्हणजे नुसती हलणारी सावली दिसायची. म्हणजे शेजारच्या दिलशादचा चेहरा तिनं कधी पाहिलेलाच नव्हता.

हे मला कसं ठाऊक? अहो, मुज्तबानं नांदेडहून आणलेली मेणाची लादी होऊन मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कितीतरी दिवस पडून होते. आणि कोपऱ्यात पडलेल्या वस्तूकडं बघून बायका बोलायच्या थांबतात होय!

दिलशादच्या अंगावर कोड आहे. आधी बोटांच्या टोकांना, मग ओठाच्या कडेला, मग डाव्या गालावर पांढरे डाग पसरत गेले. त्यानं काही दुखत नाही, ते कुणाला लागत नाही. पण माणसांचं काय विचारता! लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहते. मेणबत्ती घ्यायला आलेली बाई पिशवीचं तोंड लांबूनच उघडून धरते. दिलशाद हसून वेळ मारून नेते आणि दार लागलं की ओढणीनं डोळे पुसते.

धोंडाबाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "ये गं जवळ, बघू दे तुला." बघू दे म्हणजे तिचं बघणं हातानं. कापूस वेचून खरबरीत झालेली बोटं तिनं दिलशादच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून फिरवली आणि म्हणाली, "अगं माय, लई देखणी हायस की!" दिलशादनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. इतक्या दिवसांत तिला देखणी म्हणालं होतं कोण? त्या दिवसापासून चहा तिच्या हातचा, औषधाचे थेंब तिच्या हातचे, आणि रोज एकदा गालावरून हात फिरणार म्हणजे फिरणारच.

मग एक दिवस शेषेराव आईला तपासून घेऊन आला. मोतीबिंदू आहे, लातूरच्या दवाखान्यात काढतील, पुन्हा चांगलं दिसेल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हातारी सगळं काम सोडून आधी भिंत थोपटून दिलशादला बोलवायला लागली.

"दिलशाद, माझ्या डोळ्यातला त्यो मोतीबिंदू काढून टाकणार हायत!"

"मोतिया?" दिलशाद हसली. "मावशी, आमच्यात त्याला मोतिया म्हणतात. अन् मोगऱ्याच्या अत्तराला बी मोतियाच म्हणतात."

"अगं बया! तुमचा मोतिया वासाचा अन् माझा आंधळेपणाचा?" धोंडाबाई इतकी हसली की पदरानं तोंड पुसायला लागली. "मग असं कर. माझा मोतिया निघाला की तुझा मोतिया पेटवू. चांगली थोर बत्ती कर. लाल कर. लाल रंग अजून थोडा उमगतो मला. अन् तिच्या उजेडात पयलं तुझं त्वांड बघंन मी."

दिलशादचं हसू तिथंच थांबलं. "हौ मावशी," एवढंच म्हणाली आणि घरी येऊन माझ्या लादीशेजारी मटकन बसली.

मुज्तबा आल्यावर ती म्हणाली, "अजी, मेरे कू देखके घबरा गई तो?"

"क्या घबराती! इतने दिन की पहचान है," मुज्तबा म्हणाला.

"पहचान हाथ की है. आँख की कहाँ है?"

ह्या घरात ह्या एका भीतीनं मी जन्माला आले, असं म्हटलं तरी चालेल. मी होऊच नये असं दिलशादला वाटत होतं, आणि मी झाल्याशिवाय तिला चैनही नव्हतं.

माझा जन्म दोनदा झाला. पहिल्यांदा तिनं मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यात डबा ठेवून मला वितळवलं. नळाच्या जाड पाइपचा तुकडा हा माझा साचा. त्याचं खालचं तोंड कणकेच्या गोळ्यानं लिंपलं, मधोमध बाजारच्या पातळ सुताची वात ताणून बांधली, आणि मला ओतलं. दुसऱ्या दिवशी साच्यातून निघाले तेव्हा काय माझा तोरा! दिलशादनं मला पेटवून बघितलं. ज्योत लागली, पण वात एवढीशी आणि मी एवढी धिप्पाड. तिनं आपल्यापुरती एक छोटी विहीर खणली, त्या विहिरीत मेण साचलं आणि ज्योत त्यातच बुडून मेली. कडेचं मेण जसंच्या तसं राहिलं. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

दिलशाद मला तशीच उचलून भिंतीपलीकडं घेऊन गेली. धोंडाबाईनं भोकात बोट घालून पाहिलं. "वात बारीक झाली गं. दिव्याची वात तेल पिते. हिला काय प्यायचंय?"

"मोम प्यायचाय, मावशी."

"मग ते लई घट्ट. हिला वाती न्हाई जमायच्या, वेणी पायजे."

आणि डोळ्यांनी न दिसणारी ती बाई सुताचे पदर मांडीवर घेऊन बसली. काय ती बोटं! मी आजवर आग पाहिली, उकळतं पाणी पाहिलं, पण त्या बोटांसारखं नवल पाहिलं नाही. आयुष्यभर देवापुढच्या वाती वळल्या, लेकीसुनांच्या वेण्या घातल्या, ते सगळं त्या बोटांत साठलेलं होतं. कुठं पदर सैल पडला की बोट आपोआप मागं जायचं, उसवायचं आणि पुन्हा घट्ट गुंफायचं. वेणी पुरी झाली तेव्हा ती दिलशादच्या हातात देऊन म्हणाली, "उद्या जाते मी लातूरला. आल्यावर तयार पायजे."

धोंडाबाई एसटीत बसली आणि इकडं दिलशादनं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं. वेणी वितळलेल्या मेणात भिजवली, ताठ ओढून वाळवली, साच्यात मधोमध बांधली. मला वितळवलं, लाल रंग घातला, आणि अत्तराची बाटली हातात घेतली. एरवी ती थेंब मोजते. त्या दिवशी तिचं मन लातूरला होतं. आत्ता डोळा कापत असतील, आत्ता पट्टी बांधली असेल, उद्या सुटेल, आणि मग? थेंब मोजायचे राहिले आणि बाटलीच्या बाटली माझ्यात उपडी झाली. खोली मोगऱ्यानं अशी भरली की बोळातून जाणारा माणूस थांबून वास घ्यायला लागला.

मग तिनं मला ओतलं. मेण निवताना वातीभोवती खड्डा पडतो, तो पुन्हा मेण ओतून बुजवला. सकाळी साचा काढला आणि दिलशाद जागीच थिजली. अत्तराचं एवढं तेल माझ्या अंगात जिरेना. ते लाल मेणात ठिकठिकाणी साकळलं होतं, आणि माझ्या सबंध अंगावर पांढुरके डाग उमटले होते. एक तर थेट वरच्या कडेपासून गालावर ओघळल्यासारखा.

दिलशादनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा भिंतीवरच्या आरशाकडं. मग तिथंच चुलीपुढं बसून हमसून हमसून रडली. मला बोलता येत असतं तर म्हणाले असते, बाई, मला काही दुखत नाही गं. पण माणसांशी मला ज्योतीनंच बोलता येतं, आणि नव्या वेणीला ती अजून लागली नव्हती.

धोंडाबाई परतली. काळा चष्मा लावून दाराशी बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून नाव विचारते, कोंबडा दिसला तरी लेकरासारखी टाळी वाजवते, असं मुज्तबा येऊन सांगायचा. दिलशाद मात्र घराबाहेर पडेना. डोकं दुखतंय, काम आहे, पाहुणे यायचेत, अशी कारणं सांगून झाली. भिंतीवर थाप पडली की ती श्वास धरून उभी राही. शेवटी तिनं मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून मुज्तबाच्या हाती पाठवलं.

धोंडाबाईनं वास घेतला आणि मला तशीच परत केली. "बत्ती आली, बत्तीवाली कुठं हाय? तिला म्हणावं, जिनं केली तिच्याच हातानं पेटंल. न्हाईतर राहू दे."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दिलशाद गेली. ओढणी नाकापर्यंत ओढलेली. मला स्टुलावर ताटलीत ठेवलं, काडी ओढली, आणि माझ्या वेणीला लावली.

काय सांगू! ज्योत अशी सरळ वर उठली की मलाच माझं नवल वाटलं. ही मी? हा एवढा उजेड माझ्या पोटात होता? धोंडाबाईनं गुंफलेला पदर न् पदर मेण ओढत होता, कडेपर्यंत मी वितळत होते, आणि घरभर मोतिया पसरत होता. धोंडाबाईनं काळा चष्मा काढून बाजूला ठेवला आणि नव्या डोळ्यानं माझ्याकडं टक लावून बघत राहिली.

"लाल हाय... अन् मधी मधी हे पांढरं काय गं?"

"डाग हैत, मावशी. बिघडली बत्ती. अत्तर ज्यादा झालं."

"बिघडली? मला तर लई ग्वाड दिसून राहिली." मग ती वळली. "आता तू. काढ ती ओढणी."

"नको ना, मावशी."

"तुला बघायला डोळा कापून घेतला, अन् तू नको म्हणतीस?"

दिलशादनं ओढणी सोडली. माझा उजेड तिच्या गालावर पडला. धोंडाबाई बघत राहिली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. अनोळखी माणूस दारात आल्यावर पडते तशी. दिलशादनं मान खाली घातली. दाराशी उभा असलेला शेषेराव दुसरीकडं बघायला लागला. माझी ज्योत फडफडली, ती वाऱ्यानं नव्हे.

तेवढ्यात धोंडाबाईनं डोळे मिटून घेतले. हात पुढं केला. कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून बोटं फिरली, नेहमीसारखीच, सावकाश.

"हाव," ती म्हणाली, "हीच हाय." आणि मग डोळे उघडले. "डोळा नवा हाय गं. त्याला वळख नव्हती."

दिलशादला हुंदका आवरेना. "मावशी, हे डाग... मी कधी सांगितलंच नाही."

"तू न्हाई सांगितलं, पण गल्लीनं पयल्याच महिन्यात सांगितलं. तवापासनं रोज हात फिरवताना मी चाचपून बघायची. हाताला कवाच काय लागलं न्हाई. मला वाटलं, लोकं लबाड बोलतेत."

"लबाड नाही, मावशी. आता दिसतंय ना?"

"दिसतंय की." म्हातारीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून माझ्या उजेडाकडं वळवलं आणि पोटभर बघितलं. "अन् मी काय म्हणलं होतं? देखणी हायस म्हणलं होतं. डोळे नव्हते, तरी चुकले न्हाई बघ मी."

नंतर दिलशाद मला विझवायला वाकली तर धोंडाबाई तिच्या अंगावर ओरडली, "अगं, फुंकू नगं! दिव्याला तोंडानं फुंकतेत व्हय? शांत कर." दिलशादनं काडीनं माझी वात मेणात बुडवली आणि पुन्हा सरळ उभी केली. धूर नाही, जळका वास नाही. अशी मी रोज संध्याकाळी पेटते आणि रोज शांत होते. दोघी चहा पितात, भांडतात, हसतात. मी ऐकत बसते.

आता मी निम्म्यावर आलेय. गालावरचा तो लांब डागही अर्धा वितळून गेलाय. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण धोंडाबाईच्या डाव्या डोळ्याचाही मोतिया निघायचा आहे आणि त्यासाठी तिनं दुसरी वेणी गुंफायला घेतलीय. माझं उरलेलं मेण त्या बत्तीत जाणार आहे. ह्या वेळी दिलशाद मुद्दाम बाटली उपडी करणार म्हणते, डाग हवेतच म्हणून. मुज्तबानं डोक्याला हात लावलाय.

एवढंच सांगायचं होतं. तुम्हाला कुणी माझ्यासारखी बत्ती दिली तर प्लास्टिकसकट शोकेसमध्ये ठेवू नका हो. जळायला घाबरणारी जात नाही माझी. पेटवा तिला, आणि तिच्या उजेडात समोरच्या माणसाकडं बघा. चेहरा ओळखीचा वाटला नाही तर घाई करू नका. धोंडाबाईसारखे जरा डोळे मिटा आणि मग पुन्हा बघा.

चला, काड्यापेटीचा आवाज आला. दिलशाद आलीय.