बोट दाखवलं, ते कसं लिहू?

कोर्टात मी टायपिस्ट. ऐकू येईल ते टाइप करायचं आणि दिसेल त्याकडे कानाडोळा करायचा, एवढंच माझं काम. पण नसत्या चौकशा करायची माझी खोड जुनी आहे.

त्या दिवशीचा आरोपी बेकरीतला कामगार होता. घड्याळजीच्या दुकानात चोरी केल्याचा आळ. हातात बेड्या, साखळीचं दुसरं टोक हवालदाराच्या पट्ट्याला. आरोपीला नाक खाजवायचं तरी हवालदाराला वाकावं लागे. बेड्या काढा, असं त्याच्या वकीलबाईंनी सकाळीच म्हटलं होतं.

"राहू द्या हो," न्यायाधीश म्हणाले, "त्यानं काय बिघडतंय?"

पुरावा एकच होता. चोराला पळताना घड्याळजीने पाहिलं होतं. त्याने आरोपीला ओळखलं, की आरोपी सात वर्षं आत. मागच्या बाकावर आरोपीची आई जीव मुठीत धरून बसली होती.

"चोर इथे आहे का?" सरकारी वकिलांनी विचारलं.

घड्याळजीने लगेच बोट दाखवलं. मला नवल वाटलं, कारण त्याची नजर आरोपीच्या तोंडापर्यंत गेलीच नव्हती, हातांवरच अडली होती.

टायपिस्टने मध्ये बोलायचं नसतं. पण खुणेला आवाज नसतो, ती शब्दांत न्यायाधीशांनीच सांगायची असते. एरवी मी आपली 'आरोपीकडे बोट दाखवले' असं ठोकून देते. त्या दिवशी मुद्दाम विचारलं.

"साहेब, बोट दाखवलं, ते कसं लिहू?"

"लिहा. साक्षीदाराने बेड्या घातलेल्या इसमाकडे..."

इथे ते थांबले. चष्म्यावरून त्यांनी आरोपीच्या बेड्यांकडे पाहिलं.

"खोडू का?" मी विचारलं.

"नको. लिहिलंय ते राहू द्या." मग हवालदाराकडे वळून म्हणाले, "काढा त्या बेड्या."

दुसऱ्या दिवशी साधारण एकाच वयाची सहा माणसं बाकावर बसवली. सगळे साध्या सदऱ्यात, सगळ्यांचे हात मोकळे. बेकरीवाला चौथा. घड्याळजीला पुन्हा बोलावलं. माणूस लबाड नव्हता, हे मी आधीच सांगायला हवं होतं. त्याने चष्मा पुसला, एकेक चेहरा नीट पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी तो न्यायाधीशांकडे वळला आणि अगदी सरळ मनाने त्याने विचारलं,

"साहेब, कालचा तो बेड्यांवाला आज आणला नाही का?"